जांभळी रेघ

रविवारी दुपारी सव्वाचारला, कोइमतूरच्या शर्यतीत सातव्या फेरीला गाडीच्या ऑइलचा पाइप निसटला आणि इंजिन जाम झालं. पोलादी जाळीचा तो पाइप हातात धरून गाडीचे मालक चोक्कलिंगम यांनी कदिरवेलला सगळ्यांसमोर विचारलं, "ही खूण तुझीच ना?"

खूण त्याचीच होती. पाइप बसवून नट आवळला की कदिरवेल त्यावर बायकोच्या जांभळ्या नेलपॉलिशची रेघ ओढायचा. दुसऱ्या कुणाला ती ओढता येऊ नये म्हणून बाटली खिशात घालून घरी न्यायचा; शुक्रवारी या गाडीचं काम संपल्यावरही नेली होती.

"उद्यापासून पाइप तुझा भाऊ बसवेल," मालक म्हणाले. "तू घरी बस."

"अण्णा, मनाला लावून घेऊ नकोस," धाकट्या इळंगोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माणूस आहे, हात चुकतो कधी."

कदिरवेलने पाइपचं टोक उन्हात धरलं. जाळीच्या तारा केरसुणीसारख्या पिंजारल्या होत्या. कापण्याआधी तो त्या जागी चिकटपट्टी घट्ट गुंडाळायचा; त्याच्या हातून एक तार कधी सुटली नव्हती. हा पाइप त्याने कापलेलाच नव्हता.

बाजूला जाऊन त्याने घरी फोन लावला. "पूंगोडी, ती जांभळी बाटली कपाटात आहे का, बघ जरा."



"आता कशी असेल?" ती म्हणाली. "काल तुम्हीच इळंगोला पाठवलंत ना न्यायला?"