मातीतली किल्ली

कल्याणप्पानं कुदळ आणली खरी, पण ती वर उचलवेना. समोर पोराची समाधी होती, शेताच्या कडेला, बेलाच्या झाडाखाली. पलीकडं सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक धावत होते. त्यातल्याच एकानं अमरनाथला उडवलं, त्याला आता वर्ष होत आलं.

"द्या इकडं आप्पा, मी खणते," श्रीदेवी म्हणाली. अमरनाथची बायको ती. कालपासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

"थांब जरा," कल्याणप्पा म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

नळदुर्गच्या बाजारात त्याचं धान्याचं दुकान. पैसा म्हटला की त्याला नोट, शिक्का आणि पासबुक लागायचं. पोराचं सगळंच उरफाटं. घरात बसून तो ब्राझीलच्या कुणा माणसाचं काम संगणकावर करायचा आणि मजुरी आभासी नाण्यांत फोनवर यायची, रविवार असो की दिवाळी. मध्ये बँक नाही, मॅनेजर नाही. जगभरच्या हजारो संगणकांवर एकच हिशेब लिहिलेला. एकानं खोडला तरी बाकीच्यांकडं तो आहेच. कुठल्या खात्यात किती, हे कुणीही बघावं. हलवता मात्र त्यालाच येणार, ज्याच्याकडं त्या खात्याचे बारा इंग्रजी शब्द आहेत.

"आन् शब्द हरवले तर?" कल्याणप्पानं एकदा विचारलं होतं.

"तर पैसा जागेवर, आप्पा. पर कुणाचाच न्हाय," अमरनाथ हसून म्हणाला होता.

तो गेला आणि तसंच झालं. मृत्यूचा दाखला घेऊन जावं असं ऑफिसच या पैशाला नव्हतं. आडात पाणी होतं, पोहराच नव्हता. श्रीदेवीनं सासऱ्याच्या फोनवर ते खातं नुसतं बघण्यापुरतं उघडून दाखवलं, तेव्हापासून म्हाताऱ्याची झोप उडाली. नाणी तेवढीच, पण त्यांचा भाव रोज हलायचा. सकाळी आकडा चढायचा, दुपारी उतरायचा. तुरीचा भाव चढताना-पडताना त्यानं जन्मभर पाहिला होता, त्यात कधी भ्यायला नव्हता. हा आकडा बघताना मात्र अंगावर काटा यायचा. पोरगं आत श्वास घेतंय असं वाटायचं. जेवता जेवता तो फोन काढायचा आणि हातातला घास हातातच राहायचा.

शब्द कुठं आहेत हे श्रीदेवीला ठाऊक होतं. अमरनाथनं ते पातळ पत्र्यावर कोरून गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीत ठेवले होते. घरात बायका-पुरुष सगळ्यांच्याच गळ्यात जन्मभर आपापलं लिंग, आणि दुसऱ्याच्या लिंगाला कुणी बोट लावत नाही. यापेक्षा चांगली तिजोरी कुठली? पण लिंगायत माणूस मेला की त्याला जाळत नाहीत. बसवून पुरतात, लिंगासकट. त्या दिवशी श्रीदेवी शुद्धीवर नव्हती. कल्याणप्पानंच आपल्या हातानं डबी पोराच्या तळहातावर ठेवली होती. तिला पत्र्याची आठवण झाली तोवर वरची माती बसली होती.

"तुला घरात काय कमी हाय का, पोरी?" त्यानं विचारलं.

"कमी कायबी न्हाय, आप्पा. पर ते अर्पिताच्या बापाचं हाय. उद्या तिच्या शिक्षणाला मी कुणाम्होरं हात पसरू?"

 नातीचा हक्क कल्याणप्पालाही कळत होता. पण मेलेल्या पोराच्या हातातून लिंग काढून घ्यायचं?

"लिंग काढलं की माणूस कायमचा मेला," तो म्हणाला. "आज त्यो शिवाम्होरं बसलाय. डबी काढली की नुसतं प्रेत ऱ्हाईल."

श्रीदेवी मागं सरली नाही. शेवटी म्हाताऱ्यानं डोळे मिटले, मनातल्या मनात पोराची माफी मागितली आणि कुदळ वर नेली.

"खणू नगा. तिथं न्हाय ते."

बांधावरून शिवगंगा येत होती. कल्याणप्पाची बायको. पोरगा गेल्यापासून ती कामापुरतंच बोलायची. जवळ येऊन तिनं पदराखालची डबी काढली आणि उघडली. लिंगाच्या खाली पत्रा होता, भस्मानं पांढरा झालेला.

"ह्योच का बघ," ती सुनेला म्हणाली. "मला कुठं वाचता येतंय? त्याच्या हातचं कायतरी हाय म्हणून रोज भस्म लावत हुते."

श्रीदेवीनं पत्रा पदरानं पुसला. एकेक शब्द वर आला. ती मटकन खाली बसली आणि वर्षभराचं रडली.

कल्याणप्पाचं त्या पत्र्याकडं लक्षच नव्हतं. तो बायकोच्या हातातल्या डबीकडं बघत होता.

"ही त्याची? मग म्या त्याच्या हातात ठेवली ती कुणाची?"

"माझी. एकाच सोनाराच्या दोन्ही, तुमाला काय कळणार? आंघोळ घालताना बदलली. त्याचं सगळंच मातीत घालायचं मन झालं न्हाय."

 स्वतःचं लिंग मातीत घालून वर्षभर आपल्याला भाकरी वाढणारी ही बाई, आपण आत्ताच बोललो त्या हिशेबानं, केव्हाच मेलेली होती. म्हातारा भ्याला. एवढा तो पोराच्या प्रेतालाही भ्याला नव्हता. त्यानं कुदळ उचलली आणि समाधीवर पहिला घाव घातला.

"तुझं काढतो मी," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता काढतो."

शिवगंगानं कुदळीचा दांडा धरला.

"ऱ्हाऊ द्या. मी हाय तिथं त्याच्यासंगं. अंधारात एकटा कवा निजलाय त्यो?"