डोंगलचा दिवा

दुकानदाराने नव्या हेडसेटचा इवलासा डोंगल संज्योतच्या तळहातावर ठेवला. "हा कॉम्प्युटरला लावायचा. दिवा लुकलुकला, तर तो हेडसेट शोधतोय. स्थिर झाला, की समजायचं, हेडसेट खोलीतच आहे."

दादाचाही असाच बिनवायरचा होता. गेम खेळताना तो कानांवरून उतरायचा नाही, म्हणून आईने चितेवरही तो त्याच्यासोबत ठेवला.

घरी येऊन संज्योत दादाच्या खुर्चीत बसली आणि तिने त्याचा कॉम्प्युटर सुरू केला. जुना डोंगल काढून नवा लावायचा होता. वर्षभर तो जुना नुसता लुकलुकत होता. आज त्याचा हिरवा दिवा स्थिर होता.

"आणलास का गं हेडसेट?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"एकही नाही आवडला," संज्योत म्हणाली आणि दादाच्या खुर्चीतून हळूच उठली.