तारीख आणि कारण

दुरुस्तीवाल्यानं हातानं आज्ञा टाइप करून पाहिली. मोडेमनं निमूट उत्तर दिलं, पण नंबर काही फिरवला नाही. फोनचा सूरच त्याला ऐकू येत नव्हता.

"दोन महिने असाच हटून बसलाय," काका म्हणाले. "मुलगा जहाजावर असतो. त्याची मेल आली की ही मोठ्यानं वाचायची, मी ऐकायचो. ही लिनक्सची भानगडही त्यानंच बसवून दिली, शिकवली. आता हिनं रोज भुणभुण लावलीय, माणूस बोलवा, माणूस बोलवा. म्हणून तुम्हाला त्रास."

"सेटिंगमध्ये काही बदललंत का?"

"बदललं की तिथंच लिहून ठेवतो. तारीख आणि कारण. ड्राफ्ट्समन होतो मी. नकाशावरची एक रेघ खोडली तरी लिहावं लागायचं. चाळीस वर्षांची सवय जाते थोडीच! पण सेटिंग ठीक आहेत, तिकडे वेळ घालवू नका. दोष तारेत असेल."

औषधाची वेळ झाली म्हणून काका आत गेले.

दुरुस्तीवाला टेबलाखाली वाकला. भिंतीतल्या खाचेतून मोडेमची तार अर्धी बाहेर आलेली होती. एवढंच! तो ती दाबणार, तेवढ्यात काकूंनी मागून त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या. मीच ओढून ठेवते ती."

तो टेबलाखालून बाहेर आला.

"आमचा मुलगा गेला हो," त्या कुजबुजल्या. "तीन जूनला कंपनीचा फोन आला. हे केस कापायला गेले होते, मीच घेतला. आधी मेल पाठवली होती, तिला उत्तर नाही म्हणून फोन केला, म्हणाले. नशीब, यांनी ती वाचली नव्हती. यांना मागच्या वर्षी झटका येऊन गेलाय. वाचलं तर उभे कोसळतील."

"पण तुम्हीच तर माणूस बोलवा म्हणत होतात ना?"

"नाही म्हटलं तर संशय येईल. रोज विचारते, मेल आली का म्हणून."

"असं किती दिवस, काकू?"

"जातील तेवढे."

त्यांचे डोळे कोरडे होते. रडायला घरात कोपराच मिळाला नसावा. दुरुस्तीवाल्यानं तार तशीच सोडली आणि काकू स्वयंपाकघरात गेल्या.

काका येईपर्यंत काम चाललेलं दिसायला हवं होतं. उगाच काहीतरी करायचं म्हणून त्यानं सेटिंगची फाइल उघडली.

नंबर फिरवणाऱ्या ओळीच्या आधी # अशी खूण होती. खूण केलेली ओळ यंत्र वाचत नाही, ती फक्त माणसांसाठी उरते. म्हणजे तार घट्ट बसवली असती, तरी या घरात मेल आली नसती.

आतून काकांची पावलं वाजली. खूण केलेल्या ओळीखाली, रोमन अक्षरांत पण मराठीत, त्यांची नोंद होती.

तारीख: दोन जून. कारण: मुलगा गेला. हिला कळता कामा नये.