कामात आहेस का?

दुपारी साडेतीनला मृदुलाच्या कॅलेंडरमध्ये एक नवी नोंद आपोआप उमटली: 'आईची आठवण काढणे, सात मिनिटं.' मनःस्वास्थ्याच्या ॲपनं ती टाकली होती. लगेच पाणी पिण्याच्या ॲपनं ती दहा मिनिटं पुढे ढकलली. मग ऑफिसच्या ॲपनं थेट शुक्रवारवर नेली.

मृदुलानं डोळे चोळले आणि कॉम्प्युटरच्या सेटिंगमधली यादी उघडली. एकशे बारा ॲप तिचं कॅलेंडर वाचत होती, भरतही होती. एकेकाची परवानगी काढून घेत बसायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिनं सगळ्यांचीच एकदम काढून घेतली.

'तुम्ही कधी मोकळ्या आहात, हे आता कुणालाच कळणार नाही,' कॉम्प्युटरनं बजावलं. 'ऑफिस तुमची गैरहजेरी लावेल.'

"लावू दे मेलं," ती पुटपुटली.

दोनच मिनिटांत फोन वाजला. ती दचकली. कॅलेंडर भरलेलं असलं की हल्ली कुणाचा फोन लागतच नसे, आणि तिचं तर दिवाळीपासून भरलेलंच होतं.

वाईहून आई बोलत होती. "लागला बाई एकदाचा! रोज लावत होते." मग जरा घुटमळून तिनं विचारलं, "कामात आहेस का गं?"

कितीतरी वर्षांत मृदुलाला हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना ते आधीच दिसायचं.

समोर अहवाल अर्धवट पडला होता.

"हो, कामात आहे," ती म्हणाली आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसली. "बोल."