टाकून दिलेलं झाड

"हे बाहेर काढा," वीणा म्हणाली. अंगावरचा कोटही तिने अजून काढला नव्हता.

दिवाणखान्यात आईच्या फोटोशेजारी ख्रिसमसचं झाड उभं होतं. एका बाजूने पिवळं पडलेलं. फांद्यांत कुणाच्या तरी घरच्या चंदेरी झिरमिळ्या अडकलेल्या. पुढच्या दारापासून तिथपर्यंत कार्पेटवर सुईसारखी पानं आणि वितळलेलं बर्फ. म्हणजे बाबांनी ते एकट्याने रस्त्यावरून ओढत आणलं होतं. नाताळ होऊन दहा दिवस झाले होते. आईला जाऊन सात आठवडे.

"समोरच्यांनी टाकून दिलं होतं," बाबा म्हणाले. "चांगलं आहे अजून."

"आईचं वर्ष व्हायचंय. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा करायचा नाही, असं तुम्हीच फोनवर सांगितलंत. मग हे चालतं?"

"तो आपला सण नाही. न पाळायलासुद्धा आधी सण आपला असावा लागतो."

आपला सण नाही. वीणा नऊ वर्षांची असताना हेच वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं होतं. अमेरिकेत, या ट्रॉय गावात, त्यांचा तो पहिला डिसेंबर होता. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत झाड होतं. धाकटा श्रीरंग काचेला नाक लावून रडत होता. घरात झाड येणार नाही, असं बाबा एकदाच म्हणाले. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे.

आईच्या साड्या गाडीत भरायच्या आणि या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, हे तिने शिकागोहून निघतानाच ठरवलं होतं. भांडायचं नाही, हेही ठरवलं होतं.

"आणलंत कशाला?"

"तुझ्या आईला आवडायचं."

"तिला काय आवडायचं ते तुम्हाला काय ठाऊक?"

मग तिने ते सांगून टाकलं. आईने शपथ घालून एकोणीस वर्षं पोटात ठेवायला लावलेलं.

"आमच्याकडे झाड असायचं, बाबा. दर जानेवारीत. लोकांनी टाकून दिलेलं. तुम्ही ऑफिसला गेलात की आई साडीवर तुमचा जुना कोट घालून बाहेर जायची आणि ओढत आणायची. त्या गॅरेजमध्ये, बॉयलरमागे लपवायची. तुमच्या घरात."

जुन्या काळी जर्मनीत झाडाला सफरचंदं आणि बिस्किटं टांगत, असं आईने लायब्ररीतल्या पुस्तकात वाचलं होतं. खायच्या वस्तू टांगतात म्हटल्यावर तिला मार्ग सापडला. ती हलव्याचे दागिने करायची. मंद आचेवर तासन्‌तास तीळ हलवून त्यांच्यावर साखरेचे काटे फुलवायची. ते हार, त्या बांगड्या झाडावर चढायच्या. आणि सहा जानेवारीपर्यंत झाड ठेवायचं हाच खरा नियम आहे, ही अमेरिकन माणसं उगीच घाई करतात, असं मुलांना सांगायची. सहा तारीख उलटली तरी झाड संक्रांतीपर्यंत राहायचं.

"साडेचारला झाडू घेऊन बसायची ती. तुमची गाडी यायच्या आत. एकेक पान वेचायची. स्वेटरवरची, केसांतली. मी पाहिलंय. तुमच्या भीतीने."

"वीणा."

"नाही, ऐका. तुम्हाला पत्ताही लागला नाही. का, माहितीये? गॅरेजचं दार थंडीत अडकायचं म्हणून. स्प्रिंग तुटली तर हात जाईल, कुणी शिवायचं नाही, अशी पाटी लावून ठेवायचात तुम्ही. गाडी बाहेर. रोज सकाळी अर्धा तास काचेवरचं बर्फ खरवडत बसायचात. मोटारींची इंजिनं करणारा माणूस, आणि स्वतःच्या गॅरेजचं दार नीट करता येईना. तेवढंच आमचं नशीब."

बाबांनी आईच्या फोटोकडे पाहिलं. त्यांचा चेहरा तिला हवा तसा उतरला नाही. त्याने ती आणखी भडकली.

"आता ती नाही, तर दिवाणखान्यात. हारासारखं फोटोला घालायला. याची जागा इथे नाही."

तिने झाड बुंध्याशी धरलं आणि ओढलं. स्वयंपाकघरातून, पायरीवरून खाली, गॅरेजमध्ये. तळहातात पानं रुतली. बॉयलरमागचा कोपरा रिकामा होता. जमीन स्वच्छ होती. तिथे ते ठेवावं असं क्षणभर वाटलं, आणि त्या वाटण्याचाही तिला राग आला. रस्त्यावरून आलंय, रस्त्यावर जाऊ दे.

मोठ्या दारावर बाबांच्या सरळ, कोरीव अक्षरांतली पाटी अजून होती. हात लावू नये. कडा पिवळ्या पडलेल्या, चिकटपट्टी मात्र नवी.

तुटू दे स्प्रिंग. जाऊ दे हात.

तिने दाराची मूठ धरून सगळा जोर लावला. दार इतक्या सहज वर गेलं की तिचा तोल गेला. करकर नाही, अडखळणं नाही. वंगणाचा हलका वास आला. पांढरा उजेड एकदम आत शिरला. समोर बाबांची गाडी उभी होती, टपावर वीतभर बर्फ घेऊन, प्रत्येक जानेवारीत असायची तशी.

मागे चपला वाजल्या. बाबा पायरीवर येऊन थांबले होते.

"दार कधी दुरुस्त केलंत?" तिने मागे न बघता विचारलं.

"बिघडलं कधी होतं?"