दुभाष्याची रजा

तिसऱ्या खिडकीतल्या बाईंनी फाइल परत बाहेर सरकवली आणि बराच वेळ बोलत राहिल्या. ठमी टाचा उंचावून ऐकत होती. मध्ये तिने दोनदा मान हलवली, हळूच काहीतरी सांगितलं, आणि मागे बाकावर बसलेल्या बाबांकडे एकदा वळून बघितलं.

"काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

"दोघांचे फोटो हवेत. आणि रक्ताचा रिपोर्ट जुना झालाय, आजचा पाहिजे."

"एवढं पुराण सांगितलं आणि अर्थ एवढाच?"

"त्या तेच तेच घोळवून बोलतात, बाबा. आपल्या आत्यासारख्या."

बाबा हसले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.

परक्या देशात येऊन त्यांना पाच आठवडे झाले होते. बाबांच्या पोटाचं ऑपरेशन उद्या सकाळी होतं. आज पाचच्या आत सगळे कागद जमा झाले नाहीत तर तारीख हातची जाणार होती, आणि पुढची मिळायची ती थेट चार महिन्यांनी. एरवी दवाखान्याने नेमून दिलेले दुभाषे काका सगळीकडे बरोबर यायचे. पण काल रात्री त्यांची बायको बाळंत झाली. सकाळी बाबा त्यांच्याशी फोनवर कोपऱ्यात उभं राहून, तोंडावर हात धरून बोलले. मग म्हणाले, "त्यांनी मोबाइलवर चिठ्ठी पाठवलीय. तू नुसती ती दाखवायची. उगाच चौकशा करायच्या नाहीत. कळलं का, ठमाबाई?"

"तुम्हीच दाखवा ना मग."

"मला नुसतं हो-नाहीसुद्धा येत नाही इथलं. तुला निदान चार शब्द येतात."

ठमी अकरा वर्षांची होती. घरमालकिणीच्या नाती दिवसभर टीव्ही लावून बसत आणि ठमी त्यांच्यात बसे. बाबा शिवणकाम करणारे. समोरच्या माणसाचं माप नुसत्या नजरेने घेतील, पण इथली भाषा काही त्यांच्या जिभेवर बसली नाही. "चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता येतो," ते म्हणत, "तोंडात नवा शब्द नाही."

फोटोवाल्याकडे चिठ्ठी दाखवली. त्याने ठमीला आधी स्टुलावर बसवलं आणि हनुवटी वर करायला लावली.

"बरोबरच्या माणसाचाही लागतो हल्ली," बाबा घाईघाईने म्हणाले.

"हो," ठमी म्हणाली आणि डोळे न मिटता समोर बघत राहिली.

रक्त तपासायची जागा चौथ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. दहा पायऱ्या झाल्या की बाबा कठड्याला टेकत. "थांब गं, मला दम लागला." मग ठमीही पायरीवर बसे. तिचे बूट सकाळी ठीक होते, आता घट्ट झाले होते. आई म्हणायची, दर पायरीला देवाचं नाव घ्यावं, म्हणजे पायऱ्या मोजाव्या लागत नाहीत. ठमीने नाव घेतलं, तरीही तिसऱ्या मजल्यानंतर मोजल्याच.

"घसा कोरडा पडलाय, बाबा."

बाबांनी पिशवीतून छोटी बाटली काढली. पाणी मोजून प्यायचं, असा डॉक्टरांचा हुकूम आहे, हे बाबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला एकट्याला नाही जमायचं, तूही सोबत कर, म्हणाले होते. ठमीने दोन घोट घेतले. बाबांनी एकच घेतला आणि झाकण लावलं.

"आधी तू दे रक्त," वर पोचल्यावर ते म्हणाले. "म्हणजे मला धीर येईल."

"जन्मभर सुया चालवल्या आणि आता सुईला घाबरता?"

"तेव्हा कापडाला टोचत होतो!"

सुई काढताना तिथल्या माणसाने ठमीला हळू आवाजात काही विचारलं. तिने तेवढ्याच हळू उत्तर दिलं. त्याचा हात क्षणभर थांबला. मग त्याने कापसाचा बोळा फार जपून दाबला.

"काय विचारत होता?"

"कितवीत आहेस म्हणून."

दुपारी बिनमिठाचा भात खाताना आईचा फोन आला. "बाबांना सांभाळ हं. ताकदीच्या गोळ्या घेतल्यास का?" आईने विचारलं आणि एकदम फोन धाकट्याकडे दिला. तो म्हणाला, येताना लाल गाडी आण.

मग एक शिक्का, मग दुसरा, मग दोन्ही शिक्क्यांच्या झेरॉक्स. झेरॉक्सवाला जेवायला गेलेला. ठमी त्याच्या पायरीवर बसल्या बसल्या पेंगली. बाबा तिच्या डोक्यावर फाइलची सावली धरून उभे राहिले आणि तिला हाक मारून उठवायला त्यांचं मन होईना. शेवटी त्यांनी तिला पाठुंगळी घेतलं.

"अहो, मी काय लहान आहे? लोक बघतायत."

"बघू देत. इथे ओळखतंय कोण आपल्याला?"

पाचला दहा मिनिटं असताना तिसऱ्या खिडकीतल्या बाईंनी कागद एकेक उलटून पाहिले, फाइल ठेवून घेतली आणि ठप्प करून शिक्का मारला. बाबांनी डोळे मिटून हात जोडले. तारीख राहिली होती.

वरच्या मजल्यावर एका नर्सबाईंनी त्यांना दोन खाटा दाखवल्या. त्यांच्या हातात मनगटाला बांधायच्या दोन पट्ट्या होत्या, एक आजाऱ्याची निळी, एक पांढरी. दोघांकडे आळीपाळीने बघत त्यांनी एक प्रश्न विचारला.

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. "काय म्हणतात? चिठ्ठी दाखव. तू बोलू नकोस."

ठमीने मोबाइल काढलाच नाही. बाही वर सारून तिने निळ्या पट्टीसाठी आपला हात पुढे केला.

"आजारी कोण आणि किडनी देणारं कोण, असं विचारतात," ती म्हणाली. "सकाळपासून सगळे हेच विचारतायत, बाबा. मी सगळीकडे खरं सांगितलं."