डब्याला टेकलेली ताई

मेहुणीला स्वयंपाकघरातून घालवायला घड्याळवाल्यांना आता फक्त दोन जीबी जाळायचे होते.

मेहुणी राहायची दूरच्या शहरात. पण बायको रोज सकाळी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ताईला व्हिडिओ कॉल लावायची, तो थेट जेवणापर्यंत चालू. तिकडे ताई भाजी चिरणार, इकडे ही. बोलणं म्हणाल तर तासाला चार वाक्यं. आणि घड्याळांचं दुकान बंद करून कायमचं घरी बसलेल्या नवऱ्याने दारातून डोकावलं, की लगेच "काय हवंय?" घड्याळवाल्यांच्या पोटात दुखायचं. चांगलंच दुखायचं.

महिन्याचे साठ जीबी संपले, की घरातलं इंटरनेट रांगायला लागायचं. म्हणून आज बाहेरच्या खोलीत टीव्ही, कॉम्प्युटर आणि त्यांचा स्वतःचा फोन, तिन्हींवर आवाज बंद करून धबधबे कोसळत होते. धबधब्यांशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं.

अकराच्या सुमारास मेसेज आला, मर्यादा संपली. धबधबे जागच्या जागी थांबले. घड्याळवाल्यांनी केसांवरून हात फिरवला, दुकानातलं जुनं स्टूल उचललं आणि ते स्वयंपाकघरात गेले.

डब्यापाशी ताई थिजली होती. हातातली पळी अर्धवट वर, डोळे अर्धे मिटलेले.

"नेट गेलं वाटतं," जमेल तेवढं वाईट वाटून ते म्हणाले.

"हो." बायको मटाराच्या शेंगा सोलत होती. "काय हवंय?"

"काही नाही. बसतो जरा इथे."

"बसा की."

ते बसले. आता ही बोलेल म्हणून वाट पाहिली. मग आपणच काहीतरी बोलावं म्हणून विषय शोधू लागले, तर एक सापडेल तर शपथ. तेवढ्यात बायकोने मान वर करून ताईकडे पाहिलं आणि स्वतःशीच हसली.

"अगं, बंद पडलंय ते!"

"माहितेय. असू दे."

"हलत नाही, बोलत नाही. ही कसली सोबत?"

"मग तुम्हीही बसा ना तसेच," ती म्हणाली आणि शेंगांचा अर्धा ढीग तिने त्यांच्या पुढ्यात सरकवला.

घड्याळवाल्यांनी एक शेंग उचलली. दुसऱ्या हाताने फोन हळूच भिंतीकडे वळवला.

"सरळ करा तिला," बायको मान वर न करता म्हणाली.